खोडलेलं नाव सासरी जात नाही

आंधळगावच्या केवळरामने, म्हणजे माझ्या बापाने, उभ्या आयुष्यात दोनच कामं केली. भांड्यांवर नावं टाकली आणि लोकांशी वाद घातले. पहिल्या कामावर आमचं घर चाललं. दुसऱ्यापायी माझं लग्न मोडायला आलं होतं, आणि तो राग माझ्या मनात बरीच वर्षं होता.

बाबूलालच्या भांड्याच्या दुकानापुढे फळीवर बाबा बसायचे. मांडीत पाण्याचा पितळी गुंड, एका हातात छिन्नी, दुसऱ्या हातात छोटी हातोडी. ठिपक्याला ठिपका लावत नाव उमटवायचे. पोरीच्या आंदणातल्या प्रत्येक भांड्यावर तिचं नाव हवंच, ही आमच्याकडची रीत. त्यामुळे लग्नाच्या दिवसांत फळीपुढे बायांची गर्दी असे. बाबांचा एकच कायदा होता, टाकलेलं नाव खोडायचं नाही. चुकलंच तर ते भांडं स्वतः ठेवून घ्यायचे आणि गिऱ्हाइकाला नवं द्यायचे. परक्या बायांची चुकलेली नावं कोरलेल्या थाळ्यांत आम्ही जेवत मोठे झालो.

आई मी नऊ वर्षांची असताना गेली. तिच्यामागे बाबांना अडवणारं कोणी उरलं नाही.

पंचाहत्तरच्या सुमारास लोकांना इंग्रजी नावाचं खूळ लागलं. दुसरा कोणी असता तर गिऱ्हाइकाने आणलेली चिठ्ठी पाहून अक्षरं गिरवली असती. बाबा चौथी शिकलेले, पण तुमसरच्या रद्दीवाल्याकडून एक जाडजूड डिक्शनरी घेऊन आले. तिची सुरुवातीची पानं फाटलेली, त्यामुळे ती कोणत्या सालातली हे कळायला मार्ग नव्हता. पंचेचाळिसाव्या वर्षी त्या पुस्तकातून हा माणूस इंग्रजी शिकला, आणि तेव्हापासून आमच्या घराला चैन म्हणून नाही.

मंडईच्या जत्रेतल्या भजन स्पर्धेचा कप त्यांच्याकडे आला. त्यावर त्यांनी म्युझिकच्या शेवटी ‘के’ टाकला. हायस्कुलातले सेवकराम मास्तर चिडले. बाबांनी पुस्तक उघडून दाखवलं, तर त्यात खरंच ‘के’ होता.

“केवळरामभाऊ, हे पुस्तक माझ्या आज्याच्याही आधीचं आहे,” मास्तर म्हणाले. “भाषा बदलते. तो के कधीचा झडला.”

“पितळ बदलते का? मंग अक्षर काहून बदलन?”

“तुमचा आजा जे शब्द बोलायचा, ते तुमची कुंता बोलते का?” मास्तरांनी माझ्याकडे बोट केलं.

बाबा म्हणाले, “ते ती बिघडली म्हणून.” गाढवापुढे वाचली गीता. तुरुंगाचं स्पेलिंग ‘जी’ने सुरू होतं की ‘जे’ने, यावर दोघं एकदा संध्याकाळपर्यंत भांडले. मी चूल पेटवून वाट बघत बसले होते. शेवटी दोन्ही चालतात असं निघालं, आणि तरी दोघं चार दिवस एकमेकांशी बोलले नाहीत.

एकोणऐंशी साली करडीचं स्थळ आलं. मुलगा घरची शेती बघायचा. सासरा नव्हता. मोठा दीर जागेश्वर मँगनीजच्या खाणीत कारकून, आणि घरचा कारभार त्याच्याच हाती. तोही आमच्या नशिबाने इंग्रजीचा पंडितच निघाला. खाणीत अमेरिकेचं यंत्र होतं, त्याच्या पुस्तकात कलरमध्ये ‘यू’ नव्हता, म्हणून तो सेवकराम मास्तरांनाही चूक म्हणायचा. साखरपुड्याच्या पंगतीत तिघांचं जुंपलं. बुंदी वाढणारे थांबून ऐकत होते. मला वाटलं, पळसाला पानं तीनच, जाईन तिथे माझ्या नशिबी हेच.

मग बाबांनी माझं आंदण काढलं. एकवीस भांडी. कुंता हे नाव त्यांनी दोन ‘ओ’ घालून कोरायला घेतलं, जुन्या पुस्तकातल्या पूनासारखं. मास्तर येऊन म्हणाले, “अहो, त्या पूनाचेही दोन ओ गेल्या साली गेले. आता यू लिहितात.” बाबा पुढचा ठिपका ठोकत राहिले. लग्नपत्रिकेत जागेश्वरने ‘यू’ छापला. बाबांनी एकवीसच्या एकवीस भांड्यांवर दोन ‘ओ’ टाकले. मी रडले, अबोला धरला, एक दिवस जेवण केलं नाही. ते फक्त म्हणाले, “काम सुरू झालं, आता होत नाई.”

लग्नाच्या दहा दिवस आधी करडीची माणसं आंदण बघायला आली. जागेश्वरने गुंड उचलला, वाचला, खाली ठेवला आणि व्याह्यांना म्हणाला,

“इवाई, हे आमच्या दारात नाई चालणार. लोक हासतीन. हे खोडा अन् नीट टाका, नाईतर पुढचं बोलणं राहू द्या.”

“मी नाव खोडत नाई.”

“एका यूपायी पोरीचं लग्न मोडता का?”

“तुम्ही मोडून राहिले.”

मी आतून ऐकत होते. माझं नाव, माझं लग्न, आणि मला विचारायला कोणाला सवड नव्हती. मी बाहेर आले आणि म्हटलं, “नाव माहं आहे. मले कोनी विचारन का?”

माझी होणारी सासू चंद्रभागाबाई भिंतीशी बसली होती. तिला अक्षरओळख नव्हती. तिने गुंड मांडीवर ओढला आणि ठिपक्यांवरून बोट फिरवलं.

“इथं दोन नावं आहेत ना?”

“वरचं माह्या मायचं,” मी म्हटलं. “तिच्या आंदनातला गुंड आहे. बाबानंच टाकलं होतं.”

तिने बोट वरच्या नावावर नेलं. मग म्हणाली, “जागेश्वर, आपल्या घरी पान्याचा मोठा गुंड आहे, त्याच्यावर रेघा मारलेलं एक नाव आहे. तुह्या बापाच्या पयल्या बायकोचं. तिले काहून माहेरी धाडून देल्ली, मले मालूम नाई. नाव काय होतं तेही कोनी सांगतलं नाई. तीस वर्षं मी त्याच रेघांवर हात ठेवून पानी भरून राहिली. या पोरीच्या नावावर रेघ मारून घरात आनू नोको.”

जागेश्वरने गुंड उचलून बाकीच्या भांड्यांत ठेवला. लग्न ठरल्या दिवशी लागलं.

पुढे माझ्या रेशनकार्डावर ‘यू’ आला, बँकेत दोन ‘ओ’ राहिले, आणि दर वेळी बाबू लोक विचारायचे की यातली खरी कुंता कोण. दर वेळी मी बापाच्या नावाने बोटं मोडायची.

शहाऐंशीच्या दिवाळीला बाबा करडीला आले. नजर गेल्यामुळे छिन्नी सुटली होती. पाण्याच्या जागेजवळ बसून ते गुंडावर बोट फिरवत होते. ते बघून माझं डोकं पुन्हा तापलं.

“एका पुस्तकापायी किती तरास देल्ला मले,” मी म्हटलं.

“पुस्तक नोको काढू. दुसऱ्या भांड्यावर होतो तवाच मास्तरनं सांगतलं, अन् मले पटलंबी होतं. मास्तरचं बरोबर होतं.”

मी विचारलं, “मंग बाकीची वीस कायले तशी केली?”

“पयला हा गुंड झाला होता, अन् तुह्या मायचा गुंड ठेवून घेऊन तुले नवा देता येत नवता. बाकीच्यावर यू टाकला असता, तर तुम्ही सगळे मनले असते, हे एकच खोडून टाका. तुह्या मायच्या नावाखाली मी तुहं नाव खोडू का?”

“मले तरी सांगा लागत होतं.”

“तुले सांगतलं असतं, तर तूच मनली असती, खोडा.”

मी गुंड उचलला आणि विहिरीवर गेले. मी तसंच म्हटलं असतं.