अंगारा कपाळाला, उजेड पायाला

त्या दिवसांत मी नरसिंहाशी नुसती भांडत होते. खोटं कशाला सांगू? यांच्या तळपायाची जखम साखरेच्या आजारानं चिघळली होती आणि पाय कापायचं बोलणं चाललं होतं. हे बारामती एमआयडीसीत दूध डेअरीत कामाला. जंतू अंगावर चिकट थर धरून बसलेत, औषध आत पोचतच नाही, असं डॉक्टरांनी सांगितल्यावर हे म्हणाले, "म्हंजे आमच्या दुधाच्या पायपावानी. नुसत्या पाण्यानं त्यो थर निघतच न्हाय." मला मात्र हिरण्यकशिपू आठवला. गोळीनं मरायचं नाही, इंजेक्शननं मरायचं नाही, असा वर घेऊन आलेले जंतू. आणि आमचा कुलस्वामी नरसिंहपुरात संगमावर गप्प बसलेला.

शेवटी डॉक्टरांनी एक नवा प्रयोग सुचवला. डोळ्यांना दिसणार नाहीत इतक्या बारीक कणांचं मलम जखमेवर लावायचं, अंधारात मुरू द्यायचं, मग त्यावर दिव्याचा उजेड सोडायचा. उजेड पडला की ते कण जागे होतात आणि थरासकट जंतू मारतात. खात्री देत नाही, हेही ते म्हणाले होते. दोन-चार खेपा झाल्या, जखम होती तशीच. वास तर वाढलाच. आता एकदाच बघू, नाहीतर पाय काढू, असं ठरलं. माझा सगळा धीर संपला होता. यांच्याकडं बघवतही नव्हतं.

त्या दिवशी मलम लावून, पडदे ओढून सिस्टर बाहेर गेल्या. नेहमीप्रमाणे मी पुडी सोडली आणि देवाचा अंगारा जखमेवर, मलमाच्या वर भुरभुरला. दर खेपेला हेच करत होते. देवाशी भांडण होतं, पण अंगारा सुटत नव्हता. शेजारच्या खाटेपाशी एक मुसलमान बाई सामान भरत होती. तिच्या माणसाचा पाय गुडघ्यातून गेला होता, त्याला आज घरी सोडणार होते. ती जवळ आली.

"ताई, ह्ये काय लावता?"

"नरसिंहाचा अंगारा हाय."

"मग कपाळाला लावा की. पायाला उजेड लागू द्या. तुमचा देव उजेडाच्या आड यायचा न्हाय."

मी सिस्टरना बोलावून सगळं सांगितलं. त्या चिडल्या, पण जखम धुऊन नव्यानं मलम लावलं. अंगारा मी यांच्या कपाळाला लावला. दिवा लागला तेव्हा पहिल्यांदाच मी देवाकडं काही मागितलं नाही. "पाय तुझा, तूच बघ बाबा," एवढंच म्हणाले आणि रडत बसले.

पुढच्या ड्रेसिंगला वास कमी झाला होता. दोन बोटं गेली, पाय राहिला. अंगाऱ्यानंच उजेड अडला होता का, हे डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. मीही त्यात शिरत नाही. देवावर सोपवायचं म्हणजे आपला हात मध्ये घालायचा नाही, इतकंच मला कळलं.

आता नरसिंहपूरला गेलो की मी संगमावर दोन दिवे सोडते. दुसरा त्या बाईच्या माणसासाठी. स्वतःच्या घरचा पाय गेलेला असताना ती माझ्या घरच्या पायासाठी उठून आली आणि मी तिचं नावसुद्धा विचारलं नाही. तो दिवा सोडताना घ्यायला नाव नसतं, म्हणून नुसतेच हात जोडते.