साडूंची पित्तनलिका

माझ्या साडूंइतका स्वतःच्या पोटाविषयी आदर बाळगणारा मनुष्य नाशिक जिल्ह्यात दुसरा नसावा. आणि इतरांच्या पोटाविषयी इतकी तुच्छता बाळगणारा तर निश्चितच नाही. सिन्नरच्या एका कारखान्यात त्यांनी आयुष्यभर पाइपलाइनींची देखभाल केली आणि निवृत्तीनंतर, हाताला काही काम हवे म्हणून, नातेवाइकांची आतडी ताब्यात घेतली. लग्नात नवरदेवाला आशीर्वाद देण्यापूर्वी ते "सकाळी मोकळं झालं ना?" असे विचारून घेत. माझ्या ताटातला वरणभात पाहून म्हणत, "प्रोफेसर, हे पोट नाय, खेळणं हाय तुमचं." मी प्राणिशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक, पचनसंस्था मी तीसेक वर्षे शिकवली. तरीही त्यांच्यासमोर मी निमूटपणे भात कालवीत असे. वादातले योग्य वाक्य मला नेहमी घरी पोहोचल्यावर सुचते.

गेल्या हिवाळ्यात साडू पिवळे पडू लागले. डोळे पिवळे, अंगाला खाज, शौचाचा रंग पांढरट. ही शेवटची बातमी त्यांनी मी नाश्त्याला बसलो असताना, न विचारता, फोनवर दिली. सोनोग्राफीत पित्तनलिकेत खडा अडकलेला दिसला. तो दुर्बिणीने काढावा लागेल, असे डॉक्टरीणबाईंनी सांगितले. साडूंनी त्याऐवजी एका वैदूकडून काविळीची माळ आणून डोक्यावर चढवली. काड्या गुंफलेली ही माळ जसजशी लांबते, तसतशी कावीळ उतरते, असा समज आहे. इतर लोक तिच्यावर नुसती श्रद्धा ठेवतात. साडूंनी तिला स्टीलची टेप लावली. "सकाळी चौदा इंच होती, आत्ता सतरा!" असे ते कारखान्यातल्या गांभीर्याने जाहीर करीत. काड्या सुकतात, दोऱ्याच्या गाठी सैल होतात आणि माळ कोणाच्याही डोक्यावर लांबते, हे मला ठाऊक होते. मी म्हणालो, "छान."

खड्याविषयी त्यांचा स्वतंत्र सिद्धांत होता. "लाइन चोक झाली की प्रेशर वरच्या अंगाला. खालच्या अंगाला काय? सगळं रिकामं! आतड्याला सुट्टी. सुट्टीत कोण आजारी पडतं का, प्रोफेसर?"

त्याच आठवड्यात त्यांना हुडहुडी भरून ताप आला. ताईंचा, म्हणजे माझ्या मोठ्या मेहुणीचा, फोन आला, "भाऊजी, या. ते तुमचंच ऐकतील." या विधानाला कसलाही पुरावा नव्हता, तरी मी गेलो. दोन ब्लँकेटांखाली साडू थरथरत होते. माळ छातीपर्यंत आली होती.

"चाळीस," ते दात वाजवीत म्हणाले.

"साडूभाऊ, खालचं अंग रिकामं नसतं," मी म्हणालो, आणि माझा आवाज मलाच परका वाटला. "तिथे जंतूंची वस्ती आहे. पित्त नुसतं तूप पचवत नाही, त्या वस्तीला धाकात ठेवतं. आतड्याच्या भिंतीवरचा पहाराही त्याच्याच जोरावर चालतो. ते बंद झालं की जंतू माजतात, पहारा ढिला पडतो आणि भिंतीच्या फटींतून ते रक्तात शिरतात. वर तुंबलेलं पित्त सडतं ते निराळंच. आज दवाखान्यात नाही गेलात तर..."

"तर काय?"

"तर ताई एकट्या राहतील."

त्यांनी ब्लँकेटातून माळ बाहेर ओढली. "आणि हे सगळं ठाऊक असून, मी माळ मोजत होतो तवा तुम्ही छान म्हणत होता?"

याचे उत्तर मला घरी पोहोचल्यावरही सुचलेले नाही.

दवाखान्यात नेताना नाशिकच्या द्वारका चौकात गाडी अडकली, तेव्हा ताईंच्या मांडीवर डोके ठेवून पडलेल्या साडूंनी एकाही वाहनचालकाला शिवी दिली नाही, आणि मला प्रथमच खरी भीती वाटली. त्याच दिवशी खडा निघाला. आणखी उशीर झाला असता तर कठीण होते, असे डॉक्टरीणबाई ताईंना म्हणाल्या. साडू ते डोळे मिटून ऐकत होते.

आता ते बरे आहेत. परवा आमच्याकडे जेवायला आले. ताट वाढून झाले तरी हात मांडीवर ठेवून बसून राहिले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "हे चालंल ना मला?" मी "चालेल, जेवा" म्हणेपर्यंत ते थांबले. आपला शब्द कोणीतरी प्रमाण मानावा, असे मला जन्मभर वाटत आले होते. तो मानणारा मनुष्य इतका हळूहळू जेवू लागेल, याची मात्र मला कल्पना नव्हती.