ब्रॅम्पटनमध्ये विहीर शोधताना

कॅनडातल्या आमच्या शहरात घराला तोंड नसतं, गॅरेज असतं. रस्त्यावरून पाहिलं तर ओळीने गाड्यांसाठीचे रुंद दरवाजे दिसतात आणि बाजूला, चुकून राहिल्यासारखा, माणसांसाठीचा एक. शहर स्वतःला फुलांचं शहर म्हणवतं. तसा फलक हद्दीवर आहे. उन्हाळ्यात त्या फलकाच्या पायाशी फुलं लावतात, त्यामुळे तेवढ्या जागेपुरतं ते खरंही असतं. पुढे गोदामं, ट्रक, प्लाझा आणि आम्ही. रस्त्यांची नावं मात्र देखणी. जे तोडलं त्याचं नाव रस्त्याला द्यायचं, अशी इथल्या बिल्डरांची पद्धत असावी. सफरचंदाच्या बागेचा रस्ता आहे, जुन्या गोठ्याची गल्ली आहे. मी हरणांच्या माळावर राहतो. हरीण एकदाच पाहिलं, नाताळात, शेजाऱ्याच्या लॉनवर, आतून दिवा लागणारं.

एवढं बोलतो म्हणून मला हे शहर आवडत नाही असं नाही. इथे मला रात्री शांत झोप लागते आणि सकाळी कोपऱ्यावरच्या दुकानात ताजा पाव मिळतो. वसईच्या माणसाला आणखी काय लागतं? पण आईला विहीर लागत होती.

आई आली होती नातीच्या लग्नासाठी. लग्न मे महिन्यात, चर्चमध्ये. नवरा मुलगा एडमंटनचा, आडनावाने युक्रेनी आणि भुकेने थेट वसईकर. आई आल्यानंतर पहिले काही दिवस सगळ्याचं कौतुक करत फिरली. मग एका दुपारी तिने मला समोर बसवून विचारलं, पाणी कुठून आणायचं?

आमच्या ख्रिस्ती लग्नात ही जुनी रीत आहे. आदल्या संध्याकाळी बायका गाणी म्हणत, वाजतगाजत विहिरीवर जातात, कळशी भरून आणतात आणि त्या पाण्याने नवरीला न्हाऊ घालतात. याला उंबराचं पाणी म्हणतात. उंबर का, हे मी लहानपणापासून विचारतोय, आणि दर वेळी मला नारळ आणायला पाठवतात. विहिरीवरची पहिली कळशी घरातल्या सगळ्यात मोठ्या बाईने भरायची. ती आता आई होती.

मी म्हणालो, हॉलवाल्यांना विचारू.

"हॉल तुमचा, जेवण केटररचं, फुलं दुकानाची, फादरसुद्धा तुमचेच," ती म्हणाली. "मग मी काय फक्त फोटोला आलेय?"

मला मागचं माहीत होतं. वसईतल्या आमच्या विहिरीवर आता एका इमारतीचं पार्किंग आहे. तिथल्या शेवटच्या लग्नात, पुतण्याच्या, पाणी टँकरने आलं होतं. टँकरवाला हॉर्न वाजवत होता आणि आईने पाइपखाली कळशी धरली होती. ते ती कोणाला बोलली नव्हती, पण विसरलीही नव्हती.

तेव्हा आम्ही विहीर शोधायला निघालो. मी गाडी चालवत होतो, आई शेजारी, मांडीवर रिकामी कळशी. ही कळशी तिने सामानातून, साड्यांमध्ये गुंडाळून आणली होती. म्हणजे हा प्रश्न तिने विमानात बसण्याआधीच सोडवायला घेतला होता.

पहिलं तळं. आमच्या घरामागे एक आहे, त्याला नकाशात लेक म्हणतात. काठावरच्या पाटीवर पोहू नका, मासे धरू नका, बर्फावर जाऊ नका, बदकांना खायला घालू नका, असं सगळं लिहिलंय. त्या पाण्याचं काय करायचं हे मात्र लिहिलेलं नाही. आईने नीट पाहिलं. रस्त्यावरचं पावसाचं पाणी पाइपातून त्यात पडत होतं.

"हे गटार आहे," ती म्हणाली, आणि गाडीत जाऊन बसली.

दुसरी विहीर दुकानांच्या एका प्लाझासमोरची. दगडी कठडा, लाकडी छप्पर, दोरीला बांधलेली बादली, अगदी चित्रातल्यासारखी. आई गाडी थांबायच्या आत दार उघडत होती. वाकून पाहिलं तर आत माती, मातीत जिरेनियमची फुलं. बादलीत पण जिरेनियम.

तिसऱ्या ठिकाणाकडून मला फार आशा होती. शहराने एक जुनं शेतघर जपून ठेवलंय आणि त्याच्या अंगणात विहीर आहे, खरी, हातपंपासकट. समोर पितळी फलक. ज्या शेतकऱ्याने ती खणली त्याचं नाव बारीक अक्षरात आणि ज्या पुढाऱ्याने फलकावरचा पडदा ओढला त्याचं ठळक. जगात सगळीकडे विहिरी अशाच खणल्या जातात. तिथली माहिती देणारी मुलगी फार गोड होती. तिने समजावून सांगितलं की मूळ विहीर कधीच बुजवली, ही तिच्या आठवणीसाठी बांधलेली. खाली पाणी नाही, काँक्रीट आहे. पण फोटो काढायचा असेल तर जरूर.

परतताना मी रेडिओ लावला, आईने बंद केला.

समोरच्या घरात एक पंजाबी काकू राहतात. त्यांना आमचा शोध कळलाच होता. त्यांच्याकडेही लग्नात असंच घडा भरून आणतात. त्या आईला हिंदीत म्हणाल्या, आंटीजी, इथे आम्ही शेजाऱ्यांच्या नळावर भरतो, या तुम्ही आमच्याकडे, ढोल पण आहे. आईने त्यांचे हात धरले, ढोलाला लगेच हो म्हटलं. नळाचं काय ते मला नंतर सांगितलं.

"नळाचं पाणी नगरपालिकेचं. नगरपालिका काय आपली मावशी आहे?"

लग्नाच्या आदल्या सकाळपर्यंत हे असंच राहिलं. बायको म्हणाली, आईंना वाईट वाटू नये म्हणून आपण बाटलीबंद झऱ्याचं पाणी आणू. मुलगी म्हणाली, आजी जे आणेल ते चालेल. आईने कळशी चिंचेने घासून चकचकीत केली आणि खिडकीत पालथी ठेवली.

दुपारी आम्ही पाहुण्यांसाठी बेसमेंटमध्ये गाद्या घालत होतो. त्या वर्षी पाऊस खूप झाला होता. कोपऱ्यातला पंप एकदम घरघरला. मी नेहमीसारखी त्याला शिवी दिली. इथल्या बेसमेंटच्या जमिनीत एक गोल खड्डा असतो, वर प्लास्टिकचं झाकण. घराखालचं पाणी त्यात जमतं आणि ठरावीक उंचीवर आलं की पंप ते बाहेर फेकतो. तो बंद पडला की गालिचे पोहतात, म्हणून सगळा मोहल्ला त्याला घाबरून असतो.

आईने हातातली उशी खाली ठेवली आणि झाकण उचललं.

"हे पाणी कुठून येतं?"

"खालून. जमिनीतून."

"कोणी सोडतं?"

"नाही. झिरपतं."

"उपसलं तर?"

"परत भरतं. तीच तर कटकट आहे."

ती गुडघ्यावर हात ठेवून वाकली. खाली काळोखात पाणी हळूहळू वर चढत होतं. वसईची बाई पाणी कसं बघते ते मला ठाऊक आहे. लहानपणी ती असंच बघायची आणि मग सांगायची, आज केळींना पुरेल.

"घरात विहीर ठेवून मला आठवडाभर गावभर फिरवलास," ती म्हणाली.

मी समजावायला लागलो. ही विहीर नव्हे, हे बांधकामाचं पाणी, आरोग्याच्या दृष्टीने वगैरे. मुलगी जिन्यात उभी होती. ती म्हणाली, "डॅड, शी हॅज अ पॉइंट." बायकोने निकाल दिला: पाणी गाळायचं, उकळायचं आणि आंघोळीच्या बादलीत एक तांब्या घालायचं. मग दोघी आणि आई माझ्याकडे बघू लागल्या. मी नारळ आणायला गेलो.

आता विहीर घरात निघाली म्हणून मिरवणूक टाळता येत नाही. संध्याकाळी आम्ही पुढच्या दाराने निघालो. काकूंचे यजमान निवृत्त ट्रकचालक आहेत. ते ढोल घेऊन सगळ्यात पुढे होते. आईची गाणी त्यांना येत नव्हती, त्यांचा ठेका आईला येत नव्हता, पण जुन्या गोठ्याच्या गल्लीपर्यंत जमलं. कुत्रा फिरवणाऱ्या एका बाईने कुठे चाललात विचारलं. पाणी आणायला, मुलगी म्हणाली. तुमचं पाणी तोडलंय का, असं तिने फार काळजीने विचारलं आणि घरून दोन बाटल्या आणून दिल्या. मग तीही आली, कुत्र्यासकट. पूर्ण चक्कर मारून आम्ही बाजूच्या दाराने बेसमेंटमध्ये उतरलो. सगळे जिन्यावर दाटीने उभे राहिले. ढोल आत मावला नाही, तो बाहेर वाजत राहिला.

मी आईला आधीच विनवलं होतं की विहिरीला वाहतात तसे खड्ड्यात तांदूळ टाकू नकोस, पंप अडकेल, आणि लाँग वीकेंडला प्लंबर मिळत नाही. आईने मान डोलावली आणि चिमूटभर टाकलेच. मग चुळकाभर पाणी हातात घेतलं, क्रूसाची खूण केली, आणि कळशी खाली सोडली. बुडबुड असा आवाज आला. जिन्यावरच्या कुत्र्याने कान टवकारले.

न्हाणं गॅरेजमध्ये झालं. गाड्या बाहेर काढल्या, मोठा दरवाजा वर केला, मध्ये पाट मांडला. इतकी वर्षं ज्याला मी नावं ठेवली त्या घराच्या तोंडात माझी मुलगी हळद लावून बसली होती. आईने कळशीतलं, उकळून गार केलेलं पाणी मिसळलेला पहिला तांब्या तिच्या डोक्यावर ओतला. मुलगी गारठून किंचाळली, आणि आई हसली, तोंडाला पदर न लावता.

पंप अडकला नाही.

आई आता वसईला आहे. रविवारी फोन करते. आधी नातीची चौकशी, मग नातजावई जाड झाला का, आणि शेवटी विचारते, विहिरीला पाणी आहे ना? मी फोन घेऊन बेसमेंटमध्ये उतरतो, झाकण उचलतो आणि बघून सांगतो.