गोजरबाईची हाक

आमच्या केदारखेड्यात गोजरबाई कासारणीच्या तोंडाला लागायची कुणाची टाप नव्हती. बांगड्या भरताना ती नव्या नवरीचा हात दाबून दाबून मऊ करायची आन् पहिला सवाल हाच, "माहेरचं नाव काय गं तुझं?" त्या दिवसापासून त्याच नावानं हाक. सासवा जळफळायच्या. त्यांनी ताटात तांदूळ पसरून, पोराच्या हातानं अंगठीनं नवं नाव लिवून घेतलेलं, आन् ही बया भर रस्त्यात जुनंच नाव घेऊन बोंबलणार. मीही तिला कमी छेडलं न्हाई. "आक्का, शाळेत हजेरी घ्यायला लाग," म्हणायचो. ती म्हणायची, "साहेबराव, तुझ्या बायकोचं नाव वर्षातून एकदा तरी कोण घेतं, ते इचार तिला." मला राग यायचा, कारण बोलायची बराबर.

पंच्याण्णव सालच्या मे महिन्यात दुपारी चारला वावधान आलं. शाळेचे पत्रे उडून नदीपार गेले. माझा दोस्त रामकिसन, त्याच्या दारातला लिंब मुळासकट उपटून घरावर पडला आन् माळवदाचे तीनपैकी दोन खण खाली बसले. रामकिसनच्या लग्नाला वीस दिवस झाल्ते. त्याची बायको उषा आत होती.

मी, बद्रीनाथ आन् कडूबा टिकाव-फावडी घेऊन पळत गेलो. रामकिसनची आई, मालनबाई, अंगणात कपाळ बडवून घेत होती. "वासराला बांधाया गोठ्याकडं गेल्ती," एवढंच सांगत होती. गोठ्याची बाजू म्हणजे डावा खण. आम्ही तिथून माती ओढायला लागलो. वर लिंबाचा बुंधा, खाली मोडकी लाकडं, आन् मागची भिंत पोट काढून उभी. भोकरदनच्या अंगाला दुसरं आभाळ भरून येत होतं. अजून एक सर आली असती तर भिंतच वरून बसली असती.

आम्ही तिघंही "उषा, ए उषा" ओरडून राह्यलो होतो. रामकिसनला तेवढंही जमत नव्हतं. बायकोचं नाव चारचौघांत घ्यायची सवय कुठली? तो नुसता "अगं, अगं" करत नखानं माती उकरत होता. मला त्याची कीव आली आन् चीडही आली. घंटाभर माती काढली. आतून चकार शब्द न्हाई. बद्रीनाथ माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "आता काय राह्यलं असंल?" मी त्याला शिवी दिली, पण माझ्याही मनात तेच आल्तं.

तेवढ्यात मधल्या खणातल्या चुलीकडून कडूबाचा आवाज आला, "हिकडं या. हितं बांगड्या फुटल्यात." मातीत हिरव्या काचांचे तुकडे. मालनबाईनं हंबरडाच फोडला.

"फुटल्यात म्हनतो, मेल्या?" मागून गोजरबाई आल्ती. डोक्यावर पदर न्हाई, पायात चप्पल न्हाई. "वाढवल्या म्हन. त्या हातात मला अजून लई भरायच्या हाईत." तिनं खाली बसून तुकडा उचलला, फिरवून पाह्यला. "माझीच हाय. हळदीच्या दिवशी भरलेली. पोरगी गोठ्यात न्हाई, हितं चुलीपाशी हाय. टिकाव ठेवा खाली. आन् जरा तोंडं मिटा सगळे."

आम्ही मिटली. मालनबाईसुद्धा पदराचा बोळा तोंडात घालून बसली.

गोजरबाई मातीवर पालथी पडली आन् दोन लाकडांच्या फटीला तोंड लावून तिनं हाक मारली, "बेबीनंदा... ए बेबे."

ही कोण, मला कळंना. लग्नपत्रिकेतलं नाव वीस दिवसांत विसरल्यागत रामकिसनही बावचळून पाहत होता. काहीच आवाज आला न्हाई. तिनं आणखी एकदा मारली, लेकराला जेवायला बोलवावं तशी. "बेबीनंदा, कुठं हाईस गं माय?"

आन् खालून, लई खोलातून, आली. "ओ."

मंग आम्ही टिकावाला हात लावला न्हाई. हातानं, घमेल्यानं, वाटीनं माती काढली. कडूबानं तुळई खांद्यावर धरली, त्याच्या मानेच्या शिरा तट्ट फुगल्या. गोजरबाई फटीपासून हलली न्हाई. माहेरच्या गावाचं, म्हशीचं, भावाचं काय काय विचारत राह्यली, आन् पोरगी ओ देत राह्यली. बाज आडवी पडल्यानं तिच्या डोक्यावर पोकळी राह्यल्ती, म्हणून ती वाचली. बाहेर ओढली तेव्हा पाय मोडलेला, तोंडभर माती. आम्ही अंगणापर्यंत आलो न्हाई तोच मागची भिंत बसली.

दवाखान्यात न्यायच्या जीपची वाट बघताना मी तिला विचारलं, "वहिनी, आम्ही एवढं बोंबलून राह्यलो होतो, ऐकू न्हाई आलं का?"

"आलं की," ती म्हणाली. "मला वाटलं उषा नावाचं कोनी दबलंय. तिला आधी काढा म्हनून गप बसले."

मालनबाईनं हे ऐकलं. पदर ओला करून सुनेचं तोंड पुसायला लागली आन् खालच्या आवाजात म्हणाली, "डोळे मिटू नको, बेबीनंदा."

पुढं चार दिवस आम्ही तिघं तिथंच होतो. लिंब तोडला, लाकडं रचली, मातीतून भांडी, गोधड्या, लग्नाचे पाट उपसून काढले. गोजरबाई भाकरी घेऊन यायची आन् आमच्या कामाला नावं ठेवायची. चौथ्या दिवशी मी विचारलं, "आक्का, तुझं माहेरचं नाव काय?"

ती खेकसली, "तुला काय करायचंय?" भाकरीचं फडकं तिथंच टाकून उठली आन् जाता जाता म्हणाली, "चतुरा. पन्नास वर्षं झाली. हाक मारनारं कोनी राह्यलं न्हाई."

दुसऱ्या दिवशी तिचं फडकं द्यायला गेलो. दार उघडं होतं. उंबऱ्यातून हाक मारली, "चतुराआक्का." ओ न्हाई. वाकून पाह्यलं तर म्हातारी मांडीवर बांगड्यांची माळ घेऊन भिंतीकडं तोंड करून बसल्ती.

"ऐकू न्हाई आलं का, आक्का?"

"आलं की," ती न वळता म्हणाली. "आणखी एकदा मार. मंग देते ओ."