कच्च्या शेणाचं निमित्त

हे आजवर कुणाजवळ बोललो नाही. बायकोला वाटतं, तिला माझं सगळं ठाऊक आहे — हे ठाऊक नाही. तुम्ही अनोळखी आहात, म्हणून कदाचित जमेल.

माझा थोरला भाऊ सूर्यमाळला राहायचा. मी दाभोशाला, सासऱ्याच्या जमिनीवर, नदीकाठी. भावानं घरामागे मोगऱ्याची चाळीस झाडं लावली होती. तो गेल्यावर वहिनी त्यांवरच घर चालवायची — कळ्या खुडायच्या आणि जीपनं मोखाड्याला धाडायच्या. पण दोन वर्षं छाटणी झाली नाही आणि झाडं माजली. नुसता पाला, कळी नाही.

मी तालुक्याला मोगऱ्याचं प्रशिक्षण घेतलं होतं. लोक मला मास्तर म्हणायचे — आणि मला ते आवडायचं. थंडीत वहिनीचा निरोप आला, "भावजी, तुमीच छाटा. माजा हात धजत नाय." थंडी हीच छाटणीची वेळ. पण माझीही झाडं होती, जाणं राहिलं. गेलो तो चैत्रात. विहिरीनं तळ गाठला होता. अशा वेळी छाटू नये, हे मला माहीत नव्हतं का? माहीत होतं. पण वेळ टळली, चूक माझी — हे मास्तरानं म्हणायचं कसं? चाळीसही झाडं वीतभर ठेवून कापली. वर छाटलेल्यातल्या चांगल्या काड्या निवडून गोणपाटात बांधल्या, घरी आणून सावलीत पिशव्यांत लावल्या.

वहिनी महिनाभर डोक्यावरून पाणी आणून खुंटांना घालत होती. एकही फुटला नाही. मी गेलो तेव्हा तिनं नखानं एक खुंट खरवडून दाखवला — आत कोरडा, तपकिरी. मग माझ्याकडे बघत राहिली. मला बुंध्याशी शेण दिसलं.

"वहिनी, कच्चं शेण घातलं ना? त्यानं वाळवी लागली."

"म्हंजे... माज्यानं मेली?"

मी होकारार्थी मान हलवली.

माझ्याकडच्या काड्या मात्र फुटल्या. पावसाळ्यात तिला चाळीस रोपं सहज देता आली असती. दिली नाहीत. तिनं पुन्हा तसंच शेण घातलं असतं आणि तरीही रोपं जगली असती — मग? बायकोला सांगितलं, नर्सरीतून आणली.

वहिनी दर दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाऊ लागली. पावसाळ्यात परतायची, लावणीला उतरायची, पण भाताचं किंवा नागलीचं बी कधी हातात घेतलं नाही. "माजा हात वायट," म्हणायची. हळूहळू पाड्यावरच्या बायकाही तिला बी देईनाशा झाल्या. हे मी पाहिलंय — तिच्याच बांधावर उभं राहून. एक वाक्य पुरलं असतं. किती वर्षं होती माझ्याकडे!

गेल्या थंडीत ती गेली. दहाव्याला तिची मुलगी माझ्यापाशी येऊन बसली. "काका, आई शेवटपर्यंत म्हनत व्हती, तुज्या बाची झाडं मी मारली. तुमाला तोंड दावायला लाजायची."

तेव्हा तरी?

"जाऊ दे, पोरी," मी म्हणालो, "मी कधी मनात धरलं नाही."

ती रडत माझ्या पाया पडली. मी पडू दिलं.