लेआर्को परसात आहे

फोन वाजला की ती आधी गॅस बारीक करी. मग हात पुशी, ॲप्रन काढून खुंटीला अडकवी, आणि मगच फोनजवळ जाई. ॲप्रन घालून परक्याशी बोलायचं नाही, मग त्या परक्याला ती दिसत नसली तरी.

पत्रं बटाट्याच्या सुरीने फोडी.

टीव्हीच्या रिमोटवरचं प्लास्टिक बारा वर्षांत काढलं नव्हतं.

कॅलेंडरचं पान दोन तारखेला उलटवी. गेलेल्या महिन्याला एक दिवस जास्तीचा.

दर नोव्हेंबरात परसाच्या दारातल्या बुटांना चरबी चोळी. बूट चव्वेचाळीस नंबरचे होते. तिचा पाय सदतीसचा.

विजेचं बिल आलं की पाकिटावरचं नाव मोठ्याने वाची. "लेआर्को गाव्हिओली." मग थोडं थांबे. मग सुरी घेई.

तिचं नाव देल्फिना मालागोली. वय एकोणऐंशी. एकतीस वर्षं तिने कार्पीच्या कारखान्यात स्वेटरांना बाह्या जोडल्या. नवरा लेआर्को कालव्यावर होता, झडपा उघडायचा आणि मिटायचा. मूल झालं नाही. घर दोघांनी बांधलं, गावाच्या शेवटी, जिथून पुढे नुसतं धुकं आणि शेतं. मागे लांबच लांब परस. लेआर्को गेला त्याला चार वर्षं झाली होती. त्याच्या कबरीवरच्या दिव्याचं बिल देल्फिनाच्या नावावर यायचं आणि घरातल्या दिव्यांचं लेआर्कोच्या नावावर. ही वाटणी तिला बरी वाटे. नाव बदलून घ्या म्हणून बऱ्याच जणांनी सांगितलं. ती "हो, बघते" म्हणे आणि बघत नसे. लेआर्कोला पत्र पाठवणारं जगात तेवढंच एक कोणी उरलं होतं.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी अकराच्या सुमाराला फोन वाजला. गॅस, हात, ॲप्रन.

"नमस्कार सिन्योरा, मी डेनिस. विजेच्या संदर्भात बोलतोय. सिन्योर लेआर्को आहेत का?"

चार वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं. तिची आई सांगायची, बाईमाणसाने घरात एकटी असल्याचं भिंतीलाही कळू देऊ नये. कोणी विचारलं, तर नवरा परसात आहे म्हणावं. या भागातल्या बायका पिढ्यान् पिढ्या हेच सांगत आल्या. भांडी विकणाऱ्याला, सैनिकाला, पाद्र्याला. कोणाचा नवरा युद्धावर, कोणाचा दारूच्या दुकानात, पण सगळ्यांचे परसात.

"आहेत," देल्फिना म्हणाली. "परसात आहेत."

"या थंडीत? काय करतायत?"

"द्राक्षाचा वेल छाटतायत."

"भले! आमचे आजोबा असेच होते. छाटू द्या, छाटू द्या. मी शुक्रवारी करतो फोन."

फोन ठेवल्यावर तिने मागचं दार उघडलं. वेल चार वर्षांत कोणी छाटला नव्हता. जाळं होऊन तारेवर लोंबत होता. ती बराच वेळ बघत राहिली. मग कात्री शोधली, मोज्यांचे दोन जोड चढवले, लेआर्कोच्या बुटांत पाय घातले आणि बाहेर गेली. संध्याकाळपर्यंत वेल छाटून झाला. बोललेलं निदान अर्धं तरी खरं व्हावं.

डेनिस शुक्रवारी बोलला. पुढच्या आठवड्यातही. विकायला बसलेला माणूस तो, दार उघडं दिसलं की पाय घालणारच. पण त्याच्या लक्षात राहायचं.

"काय सिन्योरा, वेल झाला का?"

"झाला. आता कांदे लावतायत."

"लाल का पांढरे?"

"पांढरे. लाल त्यांना सोसत नाहीत."

आणि फोन ठेवून ती कांद्याची रोपं आणायला सायकलवरून बाजारात जाई. मार्चमध्ये लेआर्कोने मटार लावले. अंजिराची वाळकी फांदी करवतीने कापली. एप्रिलमध्ये बटाट्याचे वाफे ओढले. शेजारच्या नोएमीला खिडकीतून दिसायचं, देल्फिना मोठे बूट घालून फताक फताक चालतेय. नोएमी बोलोन्याला शिकून घरी परतली होती आणि नोकरी मिळेपर्यंत खिडकीत बसत होती.

"देल्फिना, अचानक काय शेतीचं वेड लागलं?"

"अचानक कसलं? कामं पडलीयत."

"आणि बूट कुणाचे?"

"बुटांना नाव नसतं. भाजी हवी का सांग."

एप्रिलच्या मध्यावर डेनिसचा आवाज बदलला. घाईत होता. मागे आणखी वीस-पंचवीस आवाज एकाच वेळी बोलत होते.

"सिन्योरा, आज गप्पा नाहीत. सरकारी दर बंद होतोय. आज ठरवलं नाही, तर तुमची वीज कुठल्या कंपनीकडे फेकली जाईल, सांगता येत नाही. बोलवा सिन्योर लेआर्कोंना."

"परसात आहेत."

"माहीत आहे हो. दोन मिनिटं बोलवा. त्यांच्या आवाजात होकार लागतो."

"आत्ता?"

"आत्ताच्या आत्ता."

तिने फोन फळीवर ठेवला. मागच्या दारापर्यंत गेली. दार उघडून उभी राहिली. बटाट्याच्या ओळी सरळ होत्या, दोरी लावून ओढलेल्या. परसाच्या त्या टोकापासून एखाद्या माणसाला चालत यायला जेवढा वेळ लागेल, तेवढा वेळ ती थांबली. मग परतली.

"त्यांचे हात मातीने भरलेत. येत नाहीत म्हणाले."

"मग सोपं करू. तुमच्याच नावावर घेऊन टाकू. तुम्ही त्यांच्या पत्नी, घर तुमचं, चालतं. नाहीतर त्यांना हात धुवायला लावा. मी थांबतो."

तिसरं उत्तर होतं. एका वाक्याचं. ते दिलं असतं, तर तिथेच संपलं असतं. पण दोन-अडीच महिने ज्याने कांदे लावले, मटार लावले, त्याला आता असं एका वाक्यात कसं पुरायचं? तिने बिलाच्या कोपऱ्यातला लांबलचक नंबर वाचून दाखवला. आपलं नाव सांगितलं, जन्मतारीख सांगितली. एका मुलीच्या आवाजाने विचारलं, मान्य आहे? देल्फिना म्हणाली, हो.

आठवड्यात जाड पाकीट आलं. वर तिचं नाव. "आमच्या कुटुंबात आपलं स्वागत." तिने ते मेणकापडाखाली सरकवलं आणि वर फळांची टोपली ठेवली.

नोएमीला ते अकराव्या दिवशी सापडलं. ती अंडी द्यायला आली होती, आणि टोपली वाकडी का दिसते म्हणून तिने उचलली.

"हे काय?"

"जाहिरात."

"जाहिरातीवर तुमची जन्मतारीख? देल्फिना, तुम्ही कंत्राट केलंय."

"मी कुठे सही केली?"

"सही लागत नाही. तुम्ही हो म्हणालात."

देल्फिना खुर्चीत बसली. टेबलावरचे नसलेले पावाचे कण गोळा करू लागली.

"म्हणजे आता बिल माझ्या नावाने येणार?"

"हो. आणि दर बघा, जवळजवळ दीडपट—"

"दराचं मरू दे. त्याचं नाव जाणार का, ते सांग."

नोएमीने कागद पुन्हा वाचला. मग हळू म्हणाली, "जाणार. पण चौदा दिवसांच्या आत नकार कळवला, तर सगळं होतं तसं राहतं. तीन दिवस आहेत."

ग्राहकांना मदत करणारा माणूस दर गुरुवारी वाचनालयाच्या मागच्या खोलीत बसायचा. इव्हानो नाव. कारकुनी करून निवृत्त झालेला, मिशीला कॉफी लागलेला. दुसऱ्या दिवशी गुरुवारच होता.

"तुमचं वय काय सिन्योरा?"

"एकोणऐंशी."

"पंच्याहत्तरीच्या पुढे काही ठरवायचंच नव्हतं. बसल्या जागी जुन्या दरात राहिला असतात. खोटं सांगितलं लेकाच्याने. थांबा, उद्या हे कबरीवरच्या दिव्याचंही कंत्राट विकतील."

"ते माझ्या नावावर आहे," देल्फिना म्हणाली.

इव्हानो हसला. मग हसायचा थांबला. त्याने जुनं बिल हातात घेतलं.

"हे सिन्योर गाव्हिओली..."

"परसात आहेत," देल्फिना म्हणाली. जिभेला वळणच पडलं होतं. नोएमी जमिनीकडे बघत राहिली.

इव्हानोने चष्मा काढला, पुसला, घातला. "मी काही विचारलं नाही," तो म्हणाला. "तुम्ही काही सांगितलं नाही. नवं कंत्राट तुमचं, नकार तुमचा, सही तुमची. जुनं होतं तसं राहील. तुमचा फोन नंबरही द्या, फोन नको असलेल्यांच्या यादीत घालतो. पंधरा-वीस दिवसांत फोन बंद."

"सगळे?"

"विकणारे सगळे."

"दुसरे कोणी करतच नाहीत," असं काही ती म्हणाली नाही. नंबर दिला. पोस्टात जाऊन पत्र पोचपावतीने टाकलं. पावती लेआर्कोच्या बुटात घडी करून ठेवली. तिथे तिच्या महत्त्वाच्या वस्तू असत; बूट घालताना ती त्या फळीवर काढून ठेवी.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात ती घेवड्याला काठ्या बांधत होती. काठ्या दोन-दोन करून वर फुलीसारख्या बांधायच्या, मध्ये दोरी फिरवायची. लेआर्को अकरा जोड्या उभ्या करायचा. हे काम तिने कोणाला सांगितलं नव्हतं, आपणहून काढलं होतं. सात जोड्या झाल्या आणि घरात फोन वाजला. ॲप्रन काढायला ती या वेळी विसरली.

"सिन्योरा, हे काय केलंत? नकार?" डेनिस म्हणाला. "माझ्या नावावर लागतो असला नकार. लेआर्कोंनी सांगितलं ना तुम्हाला? मला वाटलंच. बोलवा त्यांना. आज मी त्यांच्याशीच बोलणार."

तिने फोन दुसऱ्या हातात घेतला. हाताला सुतळीचा वास येत होता.

"डेनिस."

"बोला."

"लेआर्को चार वर्षांपूर्वी वारला."

पलीकडे ते वीस-पंचवीस आवाज चालूच होते. कोणीतरी कोणाला तरी नमस्कार सांगत होतं.

"पण मग..." डेनिस म्हणाला. विकणाऱ्याचा आवाज आता गळून पडला होता. पोरसवदा वाटत होता, दक्षिणेकडचा. "मग मटार? मटार कुणी लावले?"

"मी."

"आणि कांदे?"

"कांदेही मीच."

"पांढरे."

"हो. पांढरे."

"चांगले आलेत का?"

"चांगले आलेत."

त्याने कळफलकावर काहीतरी खटखटवलं. मग म्हणाला, "सिन्योरा, मी तुमचं नाव यादीतून काढतो. पुन्हा त्रास देणार नाही." आणि फोन ठेवला. फार मोठा उपकार केल्यासारखा ठेवला.

त्यानंतर फोन वाजला नाही. मंगळवारी नाही, शुक्रवारी नाही. अकराच्या सुमाराला देल्फिना कधी फोन उचलून कानाला लावी. आवाज येत असे, म्हणजे बिघडलेला नव्हता. परसात ती गेली नाही. पाणीसुद्धा आता नोएमी कुंपणावरून नळीने घाली.

"देल्फिना, घेवडा वर आलाय. काठ्या कमी पडतायत."

"बांधीन गं."

"मी येऊ का?"

"नको. चार जोड्यांचं तर काम. बांधीन."

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी तिच्या खिडकीची झडप उघडली नाही. नोएमीकडे किल्ली असायची. देल्फिना स्वयंपाकघरात खुर्चीत होती, ॲप्रन खुंटीला, गॅस बंद. डॉक्टर म्हणाले, हृदय. जसं काही त्याने सगळं सांगून झालं.

फोनजवळच्या फळीवर एक वही होती. नोएमीने ती उघडली, आणि उभ्या उभ्या वाचत राहिली. खोटं बोलणाऱ्याला लक्षात ठेवावं लागतं, म्हणून देल्फिना लिहून ठेवायची. मंगळवार, वेल. शुक्रवार, हत्यारांना धार. मंगळवार, कांदे, पांढरे. अंजीर. मटार. बटाटे. प्रत्येक नोंदीपुढे दुसऱ्या पेनने एक खूण, काम झाल्याची. इतके महिने नोएमी समोरच्या खिडकीत बसून हेच बघत होती आणि तिला वाटत होतं, म्हातारीला शेतीचं वेड लागलंय.

महिनाअखेरीला पोस्टमनने बिल टाकलं. लेआर्को गाव्हिओली. कोणी मोठ्याने वाचलं नाही.

नोएमी मागच्या दाराने परसात गेली. सात जोड्या उभ्या होत्या. सातवीला सुतळीचा गुंडा लटकत होता आणि सुतळीत कात्री अडकवलेली होती, लगेच परत यायचं असलं की अडकवतात तशी. बाकीच्या काठ्या गवतात आडव्या. घेवडा सातव्या जोडीपर्यंत वर चढला होता. त्यापुढचा जमिनीवरच पसरला होता, शेंडे वर करून.