खोक्यावरचा समुद्र

‘लाटांवर स्वार होणाऱ्या तरुणांवरून सुचलेलं.’ त्या हेअर जेलच्या खोक्यावर मागच्या बाजूला हे वाक्य छापलं होतं. धडधडीत खोटं! इतक्या वर्षांनीही आठवलं की माझं डोकं तडकतं. ते जेल मी बनवलं होतं आणि ते कशावरून सुचलं हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

दोन हजार सालानंतरची गोष्ट. कोल्हापूरजवळ कागलच्या एमआयडीसीत तेल-शाम्पूचा एक छोटा कारखाना होता. तिथल्या प्रयोगशाळेत मी नोकरीला होते. प्रयोगशाळा म्हणजे एक ओटा, दोन शेगड्या आणि न उघडणारी खिडकी. मालकांनी कुठल्याशा परदेशी मासिकात फळीवर उभं राहून लाटांवरून घसरणारी पोरं पाहिली आणि हट्टच धरला. “असले केस पायजेत. इस्कटल्यालं, पण जागच्या जागी.” स्वतः कधी कोल्हापूरच्या रंकाळा तळ्यातही उतरले नसतील. मी मीठ घालून पाहिलं, तर केसांचा काथ्या झाला. डिंक घातला, तर पापुद्रे निघाले. मालक रोज दारात उभे राहून विचारायचे, “झालं का न्हाय?”

उत्तर आमच्या घरातच होतं. माझा थोरला भाऊ गुऱ्हाळावर कामाला जायचा. उसाचा रस उकळत असलेल्या काहिलीपाशी दिवसभर उभा राहून तो फेस काढायचा, रस ढवळायचा. घरी यायचा तेव्हा वाफेनं आणि उडालेल्या रसानं त्याचे केस वळणावळणांनी उभे असायचे. आई ओरडायची, “आधी डोस्कं धू, मुंग्या लागतील!” एका रविवारी मी त्या केसांना हात लावला आणि मला कळलं. दुसऱ्या दिवशी गुळाचा पाक करून जेलात घातला. जमलं.

मालकांना मी सगळं सांगितलं आणि एकच मागणं मागितलं. खोक्यावर एक ओळ टाका, हे गुऱ्हाळावरून सुचलंय म्हणून. “टाकू की,” ते म्हणाले. मी ते घरी सांगितलं. दादा लाजला. आईनं मात्र शेजारपाजारी सांगूनही टाकलं.

दुकानदारांना जेल दाखवायला मालकांनी कारखान्यात जेवण ठेवलं. मी दादालाही बोलावलं. गुळाचा हंगाम चालू होता, तो कामावरनं तसाच आला, डोकं न धुता. मालकांना वाटलं, मी जेल लावून नमुन्याला माणूस आणलाय. त्यांनी दादाचा हात धरून त्याला मधोमध उभं केलं. “हात लावून बघा की! आपल्या जेलची कमाल!” दुकानदार त्याचे केस दाबून बघायला लागले.

“पावणं, किती लावलंय?” एकानं विचारलं.

“कायबी लावलं न्हाय,” दादा म्हणाला. “गुऱ्हाळावरनं आलोय. उसाचा रस हाय त्यो.”

सगळे हसले. सगळ्यांत मोठ्यानं मालक. मी पुढं होऊन म्हटलं, “खरं तेच सांगतोय तो. ह्या केसांवरूनच जेल सुचलंय.” मालकांनी मला बाजूला घेतलं. “बाई, गूळ म्हटलं की माशा आठवत्यात. डोक्याला कोण लावंल? लोकास्नी समुद्र पायजे.” गाढवाला गुळाची चव काय! कोल्हापुरात राहून ह्या माणसाला गुळाची लाज वाटत होती. माझा चेहरा बघून ते म्हणाले, “बरं, तुझ्या भावाचा फोटो टाकू. मग तर झालं?”

फोटोवाल्यानं दादाला समोरून, बाजूनं, पाठमोरा, सगळीकडून टिपलं. मी मनाची समजूत घातली. ओळ नाही तर नाही, निदान माणूस तरी दिसेल.

खोकी छापून आली. त्यावर दादा पाठमोरा होता. काखेत मागाहून चितारलेली, लाटांवर घसरायची फळी, पुढं निळाशार समुद्र. दादानं उभ्या जन्मात समुद्र पाहिला नव्हता. रापलेलं तोंड त्यांना चाललं नाही, केस तेवढे चालले. आयत्या बिळावर नागोबा! असा संताप आला की ते खोकं मालकांच्या टेबलावर आपटून मी बाहेर पडले आणि परत गेले नाही.

एक खोकं मात्र घरी पोचलंच, दादानंच हौसेनं विकत आणलं. आईला वाचता येत नव्हतं. पण तिनं केस लगेच ओळखले, त्यावरून पदर फिरवला. मग लेकाचं तोंड बघायला तिनं खोकं उलटं केलं.

“हिकडं नुसतं लिवलंय,” ती म्हणाली. “माझ्या पोराचं तोंड कुठं हाय?”